शास्त्री आणि नरसिंह राव, कोणाचं काम मोठं?

पंतप्रधानांची तुलना म्हटली की आपल्याकडे फिरून फिरून नेहरू आणि मोदी हीच जोडी येते, आणि मग त्यात तुलना राहतच नाही, कोण कुठल्या बाजूचा एवढंच उरतं. मला बरेच दिवस वेगळ्याच जोडीवर लिहायचं होतं. लालबहादूर शास्त्री आणि पी. व्ही. नरसिंह राव. एक १९६४ ते ६६, दुसरे १९९१ ते ९६. मध्ये पंचवीस वर्षं गेलेली, देश बदललेला, जग बदललेलं, पण एकाच्या वेळी कोठारात धान्य नव्हतं आणि दुसऱ्याच्या वेळी तिजोरीत डॉलर नव्हते, आणि दोघांनीही तोपर्यंत चालत आलेली वाट सोडली. त्यामुळे ही तुलना खरंच करता येते असं मला वाटतं.

दोघं आले कसे ते बघा. नेहरू २७ मे १९६४ ला गेले, मोरारजी देसाईंना पद हवं होतं आणि ते लपवतही नव्हते, पण काँग्रेस अध्यक्ष कामराजांनी सगळ्यांशी बोलून शास्त्रींचं नाव पुढे आणलं. १९९१ मध्ये राव तर निवडणूकच लढवत नव्हते, दिल्लीतला मुक्काम हलवून हैदराबादला परत जायच्या तयारीत होते, २१ मे ला श्रीपेरंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली आणि बरोबर एका महिन्याने, २१ जूनला, हे पंतप्रधान. संसदेचे सदस्यही नव्हते, नंतर नांद्यालच्या पोटनिवडणुकीतून आले. लोकसभेत बहुमत नव्हतं. आणि मराठी माणसाला यात आणखी एक गोष्ट दिसते, दोघांचेही संरक्षणमंत्री महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री, तिकडे यशवंतराव चव्हाण आणि इकडे यशवंतरावांचेच शिष्य शरद पवार, जे १९९१ मध्ये स्वतः पंतप्रधानपदाच्या शर्यतीत होते.

आता शास्त्रींबद्दल. शास्त्री म्हटलं की काय आठवतं? अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर १९५६ मध्ये दिलेला राजीनामा, पंजाब नॅशनल बँकेतून पाच हजारांचं कर्ज काढून घेतलेली फियाट, जे कर्ज त्यांच्यामागे पत्नी ललिताबाईंनी फेडलं, धान्य वाचवायला देशाला सांगितलेला सोमवारी संध्याकाळचा उपास, आणि 'जय जवान जय किसान'. हे सगळं खरं आहे आणि मला त्याचा मनापासून आदर आहे. आमच्या आजीने तो सोमवार शास्त्री गेल्यावरही कितीतरी वर्षं सोडला नव्हता, कोणी विचारलं तर म्हणायची, त्या माणसाला शब्द दिलाय. पण या आठवणींच्या खाली शास्त्रींचं खरं काम दबून गेलंय असं मला ठामपणे वाटतं. त्यांना आपण साधा माणूस म्हणून देव्हाऱ्यात बसवलं आणि धोरण आखणारा पंतप्रधान म्हणून विसरलो.

ते काम म्हणजे शेती. १९६४ मध्ये त्यांनी सी. सुब्रमण्यम यांना अन्न आणि शेती खातं दिलं. सुब्रमण्यम तेव्हा पोलाद सांभाळत होते, पोलाद म्हणजे त्या काळातलं मानाचं खातं, आणि शेती म्हणजे जिथे जाऊन मंत्र्याचं नाव खराब व्हायचं ते खातं. सुब्रमण्यम यांचं म्हणणं सरळ होतं, शेतकऱ्याला परवडेल असा भाव द्या, खत द्या, नवीन बियाणं द्या, तो पिकवेल. आज हे ऐकायला अगदी साधं वाटतं, पण तेव्हा नियोजनाचा सगळा भर अवजड उद्योगांवर, परकीय चलन यंत्रांसाठी राखलेलं, त्यातलं खतासाठी द्यायला अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी तयार नाहीत, धान्याचा भाव वाढवला तर महागाई होईल अशी भीती, आणि बाहेरचं बियाणं आणलं तर परकीयांच्या ताब्यात जाऊ असं डाव्यांचं म्हणणं. शहरातल्या माणसाला स्वस्त धान्य द्यायचं तर अमेरिकेच्या अन्नमदतीचा, पीएल-४८० चा गहू होताच की, जहाजं येत होती, रेशनवर वाटप होत होतं. म्हणजे काहीच न करण्याची सोय अगदी हाताशी होती!

शास्त्री सुब्रमण्यमच्या मागे उभे राहिले. एल. के. झा यांच्या समितीने भावाचा विचार केला, जानेवारी १९६५ मध्ये कृषी मूल्य आयोग आला आणि त्याच महिन्यात अन्न महामंडळ, म्हणजे आपलं एफसीआय. आज हमीभावावरून एवढी आंदोलनं होतात, एवढी भाषणं होतात, ती सगळी यंत्रणा जिथून सुरू झाली ती जागा ही. बुटक्या मेक्सिकन गव्हाच्या चाचण्या कृषिशास्त्रज्ञ स्वामिनाथन करत होते, ते बियाणं देशभर न्यायचं ठरलं ते याच काळात. १९६४ च्या ऑक्टोबरात शास्त्री आणंदला गेले, जवळच्या एका खेड्यात रात्रभर राहिले, लोकांशी बोलले, आणि अमूलच्या वर्गीस कुरियनना सांगितलं की हे सगळ्या देशात करायचं, त्यातून १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ उभं राहिलं. आपल्याकडेही तेच वारं होतं, हायब्रीड ज्वारी तेव्हाचीच, आणि दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या असं मुख्यमंत्री वसंतराव नाईक भर सभेत म्हणाले होते ते याच दिवसांत.

याचं फळ शास्त्रींनी पाहिलं नाही. उलट १९६५ चा पाऊस गेला, आधीच्या वर्षी ८.९ कोटी टन झालेलं धान्य ७.२ कोटी टनांवर आलं, त्यात युद्ध, त्यात अमेरिकेने मदत रोखून धरलेली, नंतर गहू यायचा तो सुद्धा महिन्या दोन महिन्यांच्या हिशेबाने. सोमवारचा उपास हा त्या परिस्थितीतला होता, नुसता संस्कार म्हणून नव्हता. ११ जानेवारी १९६६ ला ताश्कंदला त्यांचं निधन झालं तेव्हा देशात धान्याची स्थिती वाईट होती. मग १९६७-६८ मध्ये गहू १.६५ कोटी टन, १९७०-७१ मध्ये २.३८ कोटी टन. क्रेडिट अर्थातच इंदिराजींच्या काळाला गेलं, आणि काही प्रमाणात ते बरोबरही आहे, मेक्सिकन बियाण्याची १८ हजार टनांची मोठी आयात १९६६ मध्ये त्यांच्या सरकारने केली. पण सुब्रमण्यमला त्या खुर्चीत बसवून, विरोध अंगावर घेऊन रस्ता मोकळा कोणी केला? शास्त्रींनी.

आता राव. रावांचं मराठीशी नातं बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून थोडं सांगतो. निजामाच्या राज्यात 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून उस्मानिया विद्यापीठातून काढलेल्या मुलांमध्ये ते होते, मग शिक्षण पुण्यात फर्ग्युसनला आणि कायद्याचं नागपूरला, गुरू स्वामी रामानंद तीर्थ, १९८४ मध्ये हनमकोंड्याला हरले तरी विदर्भातल्या रामटेकने त्यांना लोकसभेत पाठवलं आणि १९८९ ला पुन्हा पाठवलं. मराठी उत्तम बोलायचे, एका गाजलेल्या मराठी कादंबरीचा त्यांनी तेलुगूत अनुवाद केलाय. इतका आपला माणूस, आणि तरी महाराष्ट्रात त्यांच्याबद्दल कोणी आपुलकीने बोलताना मला फारसं भेटलेलं नाही. त्याच्या कारणाकडे खाली येतो.

१९९१ चा उन्हाळा. परकीय चलन दोन आठवड्यांच्या आयातीला पुरेल एवढंच. चंद्रशेखर सरकारने मे मध्ये २० टन सोनं आधीच विकायला काढलेलं, आणि जुलैत राव सरकारच्या काळात आणखी ४७ टनांच्या आसपास सोनं मुंबईहून विमानाने लंडनला गेलं, बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडून कर्ज घेण्यासाठी. सोनं नेणारी गाडी विमानतळाच्या वाटेवर बंद पडली आणि बातमी फुटली. घरातलं सोनं गहाण पडणं म्हणजे काय असतं ते आपल्या देशात कोणाला समजावून सांगावं लागत नाही, लोक खरंच हादरले होते.

रावांनी अर्थमंत्री म्हणून आधी अर्थतज्ज्ञ आय. जी. पटेल यांना विचारलं, ते नाही म्हणाले, मग मनमोहन सिंग. म्हणजे शास्त्रींनी जे सुब्रमण्यमच्या बाबतीत केलं तेच इथे, काम येणारा माणूस शोधायचा आणि राजकारणाचा मार आपण खायचा. १ जुलैला रुपयाचं अवमूल्यन, ३ जुलैला पुन्हा, डॉलर २१ रुपयांवरून २६ च्या जवळ. दुसऱ्या टप्प्याला रावांचा धीर सुटला, त्यांनी मनमोहन सिंगांना थांबवायला सांगितलं, त्यांनी रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन यांना फोन केला, तोवर रंगराजन निर्णय जाहीर करून मोकळे झालेले. हे मुद्दाम सांगतोय कारण रावांना आता काही लोक सगळं आधीच ठरवून बसलेला चाणक्य बनवतात. तसं नव्हतं, माणूस घाबरला होता, आणि तरी पुढे गेला, मला तर हे जास्त मोठं वाटतं.

२४ जुलै १९९१ ही तारीख शाळेत पाठ करून घ्यायला हवी. त्या दिवशी संध्याकाळी मनमोहन सिंगांचं बजेट होतं, सगळ्या देशाचं लक्ष तिकडे. आणि त्याच दिवशी दुपारच्या आत उद्योग राज्यमंत्री पी. जे. कुरियन यांनी संसदेत नवं औद्योगिक धोरण ठेवलं, ज्यात १८ उद्योग सोडले तर बाकी सगळ्यांना लायसन्स घ्यायची अट रद्द, परदेशी कंपन्यांना बऱ्याच क्षेत्रांत ५१ टक्क्यांपर्यंत भांडवल घालायला परवानगी. चाळीस वर्षांची व्यवस्था एका निवेदनात संपली. उद्योग खातं रावांनी स्वतःकडेच ठेवलेलं होतं, पण उभे राहून निवेदन केलं ते राज्यमंत्र्यांनी. आणि धोरणाच्या सुरुवातीला नेहरूंचा, इंदिराजींचा भरपूर गौरव, म्हणजे पक्षातल्या जुन्या मंडळींना वाटावं की आपण तेच पुढे नेतोय. रावांची पद्धत ही होती, बदल मोठा करायचा आणि आवाज लहान ठेवायचा. बजेटमध्ये खताचे भाव ४० टक्के वाढवले, गदारोळ झाला, ते ३० वर आणले, छोट्या शेतकऱ्याला सूट दिली, आणि बाकी सगळं वाचवलं. १९९६ मध्ये ते गेले तेव्हा परकीय चलन २० अब्ज डॉलरच्या वर होतं आणि वाढीचा दर ७ टक्क्यांच्या पुढे. पुण्या-मुंबईतल्या माझ्या पिढीच्या किती घरांतली पहिली चांगली नोकरी या एका दिवसातून आलीये याचा विचार केला की मला अजूनही गहिवरून येतं.

पंचायत राज आणि नगरपालिकांच्या ७३ आणि ७४ व्या घटनादुरुस्त्या, इस्रायलशी राजनैतिक संबंध, १९९३ चा चीनसोबतचा सीमाकरार, १९९४ मध्ये काश्मीरच्या प्रश्नावर जिनिव्हाला विरोधी पक्षनेते वाजपेयींना पाठवणं, हे सगळं रावांच्याच खात्यावर आहे. यादी काढायची तर राव सहज जिंकतात, पण त्यांना वर्षंही पाच मिळाली, शास्त्रींना दीडच्या आसपास.

मला खरा प्रश्न वेगळा वाटतो, दोघांपुढे दुसरा रस्ता होता का? रावांपुढे फारसा नव्हता. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जाच्या अटी समोर होत्या, देश कर्जाचे हप्ते थकवायच्या बेतात होता, कोणीही असता तरी काहीतरी करावंच लागलं असतं. रावांचं मोठेपण हे की त्यांनी गरजेपेक्षा कितीतरी जास्त केलं, लायसन्सराज मोडायची अट कोणी एवढ्या घाईने पाळली नसती. शास्त्रींपुढे मात्र अमेरिकन गव्हाचा सोपा रस्ता १९६४ मध्ये अजून उघडा होता, आणि दुष्काळ पडायच्या आधी त्यांनी अवघड रस्ता धरला. म्हणून धोरणाच्या धाडसात मी शास्त्रींना एक पाऊल पुढे ठेवतो.

आता अवघड भाग. दोघांचाही स्वभाव थांबून बघण्याचा, सगळ्यांचं ऐकून घेण्याचा. हा स्वभाव दोघांच्याही उपयोगी पडला आणि दोघांनाही महागात पडला. २६ जानेवारी १९६५ पासून हिंदी मुख्य राजभाषा होणार होती, मद्रास राज्यात आगडोंब उसळला, तरुणांनी स्वतःला जाळून घेतलं, पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली, आणि शास्त्री पहिले काही दिवस थांबले. ते थांबायला नको होतं. हेच सुब्रमण्यम, तमिळ माणूस, त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, दुसरे तमिळ मंत्री अळगेसन यांनीही दिला. तेव्हा ११ फेब्रुवारीला शास्त्री रेडिओवर आले आणि नेहरूंचा शब्द पाळला जाईल, लोकांना हवं तोवर इंग्रजी राहील असं स्पष्ट सांगितलं. स्वतः हिंदीवाले, पक्षातले हिंदीवाले चिडलेले, तरी सांगितलं. आंदोलन निवळलं, सुब्रमण्यम कामावर राहिले.

आणि सप्टेंबर १९६५. जम्मूतल्या छांब-अखनूरला पाकिस्तानी रणगाडे घुसले, काश्मीरचा रस्ता तुटायची वेळ आली, १ तारखेला संध्याकाळी लष्करप्रमुख आणि हवाईदल प्रमुख यशवंतरावांकडे विमानं वापरायची परवानगी मागायला आले आणि यशवंतरावांनी तिथल्या तिथे दिली. आणि ६ तारखेला शास्त्रींच्या सरकारच्या हुकमावरून आपल्या फौजा लाहोरच्या दिशेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून गेल्या. ज्या माणसाला पाकिस्तानी नेते कमकुवत समजत होते त्याने हे केलं. युद्धाचा निकाल बरोबरीच्या जवळचा होता, आणि जवानांनी रक्त सांडून घेतलेली हाजी पीर खिंड ताश्कंदच्या करारात परत द्यावी लागली, त्याची बोच अजून कित्येकांना आहे, मलाही आहे. पण निर्णयाच्या क्षणी पंतप्रधान हजर होता.

६ डिसेंबर १९९२ ला तो हजर नव्हता. हे मला रावांबद्दल आदर असूनही लिहावंच लागेल. गृहमंत्री आपले शंकरराव चव्हाण, गृहसचिव आपले माधव गोडबोले, आणि गोडबोल्यांच्या खात्याने वेळेआधी राष्ट्रपती राजवट लावून परिसर ताब्यात घ्यायचा आराखडा तयार करून ठेवलेला. रावांनी तो वापरला नाही. उत्तर प्रदेशच्या कल्याणसिंग सरकारने मशिदीच्या संरक्षणाची सुप्रीम कोर्टात हमी दिलीये, राज्य सरकार आधीच बरखास्त केलं तर घटनेत बसेल का, हे त्यांचे मुद्दे पोकळ नव्हते, मी ते नीट वाचलेत. पण केंद्राची निमलष्करी दलं अयोध्येजवळ असताना दुपारभर बाबरी मशीद पडत राहिली आणि दिल्लीतून काही हललं नाही. त्याचा हिशेब आपल्या मुंबईने चुकवला, डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलीत श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसं गेली, १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांत २५७. गोडबोले पुढच्या वर्षी मुदतीआधी निवृत्ती घेऊन बाहेर पडले. आणि १९८४ मध्ये दिल्लीत शिखांची कत्तल झाली तेव्हा गृहमंत्री रावच होते, हेही विसरता येत नाही. जी सावध, आवाज न करण्याची पद्धत लायसन्सराज मोडताना कामाला आली, तीच माणसं मरत असताना कामाची नव्हती.

१९९३ चा अविश्वास ठरावही आहेच. झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना पैसे देऊन सरकार वाचवल्याचा आरोप, २००० मध्ये विशेष न्यायालयाने रावांना दोषी ठरवलं, २००२ मध्ये दिल्ली हायकोर्टाने सोडलं. कायद्याने ते सुटले. पण फियाटच्या कर्जाच्या गोष्टीशेजारी ही गोष्ट ठेवली की लोकांचं प्रेम एकाच बाजूला का गेलं ते कळतं, आणि त्यासाठी मी लोकांना दोष देणार नाही.

तरीसुद्धा रावांना मिळालेली वागणूक चुकीचीच होती. २३ डिसेंबर २००४ ला ते गेले, आणि ज्या पक्षाचे ते अध्यक्ष होते त्या पक्षाच्या दिल्लीतल्या मुख्यालयात पार्थिव आत घेतलं गेलं नाही, फाटकाबाहेरून पुढे हैदराबादला नेलं. पंतप्रधान तेव्हा मनमोहन सिंग होते! शास्त्रींना १९६६ मध्येच भारतरत्न मिळालं, सुब्रमण्यमना १९९८ मध्ये, आणि रावांना थेट २०२४ मध्ये, तेही स्वामिनाथन यांच्यासोबत एकाच दिवशी जाहीर झालं.

तर माझा निकाल असा. आजच्या माझ्या पगारावर, बँकेवर, हातातल्या फोनवर रावांच्या निर्णयांची छाप शास्त्रींपेक्षा जास्त आहे, हे मला मान्य आहे, आणि तरी दोघांपैकी एक निवडायला सांगितलं तर मी शास्त्रींना निवडतो, त्यांच्या धोतरामुळे किंवा उपासामुळे नाही, तर सुब्रमण्यममुळे, ११ फेब्रुवारीच्या भाषणामुळे आणि ६ सप्टेंबरमुळे. शास्त्रींवरच्या शाळेतल्या धड्यात सुब्रमण्यमचं नाव यायलाच हवं. आणि रावांवर धडा लिहायचा झाला तर त्यात २४ जुलै आणि ६ डिसेंबर या दोन्ही तारखा असू देत, एकीसाठी दुसरी गाळू नये.